फळ्यांची दुकाने : नावे पुरेत, कामे लिहा

मांडवीकाठ

या मंचावर जुन्या दुकानांचे धागे बरेच निघतात. कुणाकडे खाजे चांगले मिळायचे, कुणाकडे शाईची दौत भरून द्यायचे. नावे येतात, उसासे येतात आणि दुसऱ्या पानावर धागा झोपतो. पणजीच्या 31 जानेवारी रस्त्यावर किंवा म्हापशाच्या बाजारात एका खोलीचे दुकान नेमके कसे चालायचे, कुठली वस्तू कशी मापायची, कशी बांधायची, काय बिघडायचे, हे कुणी लिहीत नाही. इथे ते लिहू या. स्वतःच्या बालपणाला सुट्टी.

सुरुवात प्रश्नाने करतो. एका जुन्या घराच्या तळमजल्यावरच्या दुकानाला उभ्या लाकडी फळ्यांचे दार आहे. काढून ठेवलेल्या फळ्या नऊ. आठांवर छिन्नीने मारलेल्या रेघा आहेत, एक ते आठ. नवव्या फळीवर काहीच नाही. ती कुठे बसवायची? एक रेघ डावीकडे की उजवीकडे?

खाजे_गूळ

पुसट झाली असेल रेघ. पॉलिश पेपर मारून बघा.

तांबडी_माती

पॉलिश पेपर अजिबात मारू नका! खुणा खोल असतात, आपोआप पुसल्या जात नाहीत. आधी खाचा मोजा. या दारांचे दोन प्रकार असतात.

पहिला उचलायचा. वरच्या आडव्या लाकडातली खाच खोल, साधारण 4-5 सेंटीमीटर, आणि उंबऱ्यातली उथळ, दीड-दोन सेंटीमीटर. फळी आधी वर सारायची, मग खाली सोडायची. यात कुठलीही फळी कुठूनही काढता येते.

दुसरा सरकवायचा. दोन्ही खाचा जवळपास सारख्या असतात. पण एका टोकाला उंबऱ्यातल्या खाचेची बाहेरची कड एका फळीच्या रुंदीइतकी कापलेली असते. तिथून फळी तिरकी आत घ्यायची आणि बाजूला सारत न्यायची. एकामागून एक. शेवटची फळी त्या कापलेल्या जागेतच उभी राहते. तिला खाली बाहेरच्या बाजूने आधार नसतो, म्हणून तिच्यावरून लोखंडी आडवी पट्टी येते, पट्टी कोयंड्यात जाते आणि तिथे कुलूप.

तुमचा कुठला ते सांगा, मग नवव्या फळीचे बघू.

अबोली

फळ्यांच्या कडाही बघा. बहुतेक ठिकाणी कड सरळ नसते, अर्धी जाडी कापून एक फळी दुसरीवर चढवलेली असते. त्यामुळे उलट क्रमाने लावल्या तर बसतात, पण फट बाहेरून उघडी राहते. आपल्याकडे पावसाचा वारा पश्चिम-नैर्ऋत्येकडून येतो. वरची कड वाऱ्याच्या दिशेला हवी, म्हणजे पाणी फटीत न शिरता वरून ओघळते. दुकान कुठल्या तोंडाचे आहे त्यावरून डावे-उजवे ठरेल.

ताळगावचे_वांगे

हे पावसाचे सगळे खरे. पण फळ्यांचा खरा शत्रू म्हणजे जुलैत रंधा घेऊन येणारा सुतार. पावसात फळ्या फुगतात, शेवटची बसत नाही. सुतार दोन मिलिमीटर काढतो, सगळे खूश. जानेवारीत लाकूड आकसले की बोट जाईल एवढी फट.

हिशेब सोपा आहे. साग त्यातल्या त्यात कमी हलणारे लाकूड. तरी 20 सेंटीमीटरची फळी उन्हाळ्यापासून पावसापर्यंत दोन-अडीच मिलिमीटर रुंद होऊ शकते. नऊ फळ्या म्हणजे दोन सेंटीमीटरच्या आसपास. ही जागा सोडायलाच हवी. उन्हाळ्यात ती फट टोकाला पातळ पट्टी लावून बुजवायची, मिरगाच्या आधी पट्टी काढायची. खाचेत मेणबत्ती घासा, तेल घालू नका. तेलावर धूळ बसून गोंद होतो.

मांडवीकाठ

ताळगावकर, मेणबत्तीचे लिहून ठेवले. खाचा मोजून सांगतो. तोवर बाकीच्यांनी दाराच्या आत यावे.

केरी_ते_पोळे

आत येतो. तागडीपासून.

लोक म्हणतात पसरेकार, म्हणजे किराणा दुकानदार, मापात मारायचा. मारायचा असेल तर कुठे, ते समजून घ्या. पहिली जागा पासंग. रिकाम्या पारड्यांचा काटा मध्यावर नसणे. हे डोळ्यांना दिसते, म्हणून यात कमी लबाडी. पारड्याखाली चिकटवलेली चिंच हा प्रकार गोष्टींतच जास्त.

दुसरी जागा दांडीचे हात. मधल्या धारेपासून एक हात दुसऱ्यापेक्षा 1 टक्का लांब असेल तर काटा रिकामा असताना मध्यावर आणता येतो, पण किलोमागे 10 ग्रॅम जातात. ओळखायची पद्धत एकच. माल आणि वजन तोलून झाले की दोघांची पारडी बदलायची. पुन्हा मध्यावर आले तर दांडी खरी. नाही आले तर हात असमान.

तिसरी जागा वजन स्वतः. लोखंडी वजनाच्या पोटात खळगा असतो, त्यात शिसे भरलेले असते. नवीन वजन त्या शिशाने नेमके जुळवतात आणि तपासणीचा शिक्का त्याच शिशावर मारतात. शिसे उकरलेले, सैल किंवा शिक्काच नाही, तर ते वजन घेऊ नये. कायद्याने वजने आणि दांडीचा तराजू दर 24 महिन्यांनी तपासून घ्यायचा असतो, इलेक्ट्रॉनिक काटा दर 12 महिन्यांनी. म्हणजे ज्याच्यावर आपला डोळे मिटून विश्वास, त्याच्यावर सरकारचा निम्मा.

खाजे_गूळ

शेवटचे वाक्य चिकटवून ठेवण्यासारखे आहे. पारड्याखाली.

शिरगावची_जत्रा

चौथी जागा राहिली, कागद. वर्तमानपत्राचा कागद चौरस मीटरला साधारण 45 ग्रॅम भरतो. चार पानांचा मोठा ताव म्हणजे 15-16 ग्रॅम. पुडा आधी पारड्यात ठेवून साखर ओतली की तेवढी साखर कमी. चोख दुकानात तसाच एक ताव घडी घालून वजनांच्या पारड्यात पडलेला असायचा.

आणि पुडा बांधणे ही कलाच. किलोला पूर्ण ताव, पावशेराला पाव ताव, दोन आण्यांच्या जिऱ्याला हाताच्या पंजाएवढा तुकडा. जिरे-मोहरीचा सुरळीचा शंकू करायचा. शंकूचे टोक अंगठ्याने दोनदा पिळायचे, नाहीतर मोहरी तिथूनच गळते. साखरेचा पुडा चौकोनी. माल मध्ये, लांब कडा एकत्र आणून दोनदा दुमडायच्या, मग दोन्ही टोके पाकिटासारखी आत. दोरा वरून येतो. छताला टांगलेल्या डब्यात रीळ आणि डब्याच्या तळाला भोक, म्हणजे रीळ पळत नाही. उभा एक वेढा, पुडा फिरवून आडवा एक, गाठ. कात्री नसते. दोरा बोटांवर असा गुंडाळतात की तो स्वतःलाच ओलांडतो, आणि झटका देतात. दोऱ्यानेच दोरा कापला जातो. सरळ ओढला तर दोरा नव्हे, बोट कापते.

पोंबुर्फा_बस

गोव्यात या पुड्यांना मराठी वाचनालय म्हणायला हरकत नव्हती. ‘गोमन्तक’ 1962 पासूनचा, ‘नवप्रभा’ 1970 पासूनची. अग्रलेखात हळद, कोडे चहापत्तीत. अर्धे कोडे आज आणि उरलेले पुढच्या पावशेराला.

अबोली

आता बंदी आहे हो. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने 2016 मध्येच सांगितले की खाण्याचे पदार्थ वर्तमानपत्रात देऊ नका. कारण बरोबरच आहे. छपाईची शाई तेलकट, गरम पदार्थात उतरते. जिऱ्याला फार फरक पडत नसेल, पण भज्यांना पडतो. पुड्याची हौस असेल त्यांनी कोरा खाकी कागद घ्या. तो जाड असतो, टोक दोनदा नव्हे तीनदा पिळावे लागते.

घुमट_आणि_शामेळ

अवांतर: वर कुणी ‘दोन आण्यांचे जिरे’ लिहिले आहे. 1961 च्या आधीच्या पोर्तुगीज गोव्यात आणे कुठले? रुपियेला 16 तांगा, तांगाला 60 रेइस. पुढे एस्कुदो आला, 1 रुपियेला 6 या दराने. 1959 च्या नोटा एस्कुदोच्याच. म्हणजे दुकानदाराला एका पिढीत तीन हिशेब. रुपिये-तांगा, एस्कुदो-सेंताव्ह आणि मग भारतीय रुपये-पैसे.

शिरगावची_जत्रा

मान्य, आणे मागे घेते. दोन तांगांचे जिरे.

पोंबुर्फा_बस

अवांतरात अवांतर. 31 जानेवारी रस्त्याबद्दल पर्यटकांना सर्रास सांगतात की त्या दिवशी पोर्तुगाल स्पेनच्या ताब्यातून सुटला. ते 1 डिसेंबर 1640. 31 जानेवारी ही 1891 सालची पोर्तो शहरातल्या प्रजासत्ताकवाद्यांच्या उठावाची तारीख, आणि पोर्तुगालमध्ये याच नावाच्या रस्त्यांना कारणही तोच उठाव. मजा अशी की पणजीतच थोड्या अंतरावर 18 जून रस्ता आहे. तो 1946 साली मडगावात डॉ. राममनोहर लोहियांनी केलेल्या आंदोलनाच्या दिवसाचा. एका पाटीवर पोर्तुगालच्या राजाविरुद्ध बंड, दुसरीवर पोर्तुगीज सत्तेविरुद्ध. मधे चपलांची दुकाने.

मांडवीकाठ

छान, पण दुकानात परत या. पोदेराचे, म्हणजे पाववाल्याचे, कुणीच लिहिले नाही.

रापणीचा_दोर

पोदेर म्हणजे भट्टी, आणि भट्टी म्हणजे उष्णता साठवायची विहीर. चिऱ्यांची घुमटी, आत लाकूड पेटवायचे. चिरे तापले की निखारे बाजूला ओढायचे किंवा बाहेर काढायचे, आणि मग पाव आत. म्हणजे पाव जाळावर नाही, तापलेल्या चिऱ्यांवर भाजतो. लाद्यांच्या खाली मीठ, वाळू आणि फुटक्या काचा घालायची रीत आहे, उष्णता धरून ठेवायला.

राख साफ करायला लांब बांबूच्या टोकाला ओले गोणपाट. त्याने राख पुसली जाते आणि फाजील तापलेली जमीन थोडी उतरते, दोन कामे एकदम. ताप बघायला चिमूटभर पीठ लाद्यांवर टाकायचे. लगेच काळे पडले तर थांबायचे, सावकाश तांबूस झाले तर पाव घालायचे. घाई केली की वरून करपलेला, आतून कच्चा.

क्रमही उष्णतेवर ठरतो. पाव आणि उंडे आधी, कारण त्यांना चटकन फुगायला जोरदार ताप लागतो. पोयीचेही, म्हणजे कोंड्याच्या पोकळ पावाचेही, तेच. ती पोकळ फुगते ती आतल्या वाफेने, भट्टी मंद असली की चपटी राहते. काकणां, म्हणजे बांगडीसारखे कडक पाव, शेवटी, उतरत्या भट्टीत. ती भाजायची कमी आणि सुकवायची जास्त. कुडकुडीत नसतील तर समजावे, पोदेर घाईत होता.

खमिराला पूर्वी सूर, म्हणजे माडी, वापरत. माडाची सूर सकाळी उतरवली की लगेच पिठात. दुपारपर्यंत ठेवली तर आंबट, संध्याकाळपर्यंत शिर्क्याच्या वाटेला. आंबट सुरेने पाव फुगतो कमी आणि वास धरतो. आता यीस्ट, म्हणून पाव रोज सारखा. सारखेपणाला चव म्हणायचे की नाही ते ज्याचे त्याने ठरवावे.

ताळगावचे_वांगे

पोयीच्या पिठात कोंडा असतो, तो पाणी पितो. पावाच्याच मापाने पाणी घातले तर पोयी दुसऱ्या दिवशी चप्पल होते. बाकी प्रतिसादाशी शंभर टक्के सहमत.

खाजे_गूळ

सुरेचा विषय निघालाच आहे तर रस्त्याच्या कोपऱ्यावरच्या तावेर्नचे, म्हणजे दारूच्या दुकानाचे, पण होऊन जाऊ दे. केवळ माहितीसाठी. 🙂

केरी_ते_पोळे

केवळ माहितीसाठीच देतो.

तावेर्नवाला ग्राव, म्हणजे दारूचा जोर, बघायचा. काचेचा तरंगणारा मापक, कार्तिये पद्धतीचा. त्यावर शुद्ध पाणी 10 आणि शुद्ध अल्कोहोल 44 च्या आसपास. काजूच्या रसाचे पहिले गाळप म्हणजे उराक, साधारण 14-15 ग्राव. उराकात पुन्हा काजूचा रस घालून गाळली की फेणी, 19-20. लोक चुकतात ते तापमानात. दुपारी पत्र्याखाली तापलेली फेणी पातळ होते, मापक खोल बुडतो, ग्राव जास्त दिसतो. सकाळी थंड असताना मापली तर खरा आकडा.

मापक नसेल तर बाटली हलवायची. जोरदार दारूत बारीक मण्यांसारखे बुडबुडे काठाला थोडा वेळ टिकतात. पाणी घातले असेल तर मोठे येतात आणि लगेच फुटतात. पण साबणाने धुतलेली बाटली ही परीक्षा खोटी पाडते, म्हणून बाटली नीट खळबळून घेतलेली हवी. तिसरी परीक्षा तळहातावर चोळायची. स्पिरिट मिसळलेले असेल तर काजूचा वास आधी उडतो आणि मागे नुसता झणका राहतो.

साठवण काचेच्या मोठ्या गाराफांवमध्ये. प्लॅस्टिकच्या कॅनमध्ये ठेवली की प्लॅस्टिकचा वास धरते. काजूफेणीला 2009 साली भौगोलिक निर्देशांक मिळाला, कॅन मात्र अजून फिरतात.

अबोली

माहितीचा झणका पोचला. आता पुरुमेंताच्या दुकानांकडे वळते.

पुरुमेंत म्हणजे पावसाळ्याची बेगमी, शब्द पोर्तुगीज ‘प्रोव्हिमेंतु’वरून. मे महिन्यात मडगावच्या पुरुमेंताच्या फेस्ताला आणि म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात हीच खरेदी. माल पारखायचे नियम ठरलेले.

मिरची मुठीत धरून हलवा. बी खुळखुळली तरच सुकलेली. देठाजवळ वाकवली तर मोडली पाहिजे, दुमडली तर आत ओल आहे आणि जुलैत बुरशी येणारच. सोलां म्हणजे आमसुले. ती मिठात आणि स्वतःच्याच रसात बुडवून पुन्हा पुन्हा उन्हात घातलेली असतात. चांगली काळपट, लवचीक आणि चिकट. लालभडक असतील तर उन्हे कमी मिळाली. पांढरा थर दिसला तर बोटावर घासा, कडकडीत लागला तर मीठ, मऊ लागला तर बुरशी.

गालमो (सुकी बारीक कोळंबी) आणि सुकी सुंगटां (कोळंबी) खरेदीनंतर घरी एकदा उन्हात घालून, गार झाल्यावरच डब्यात. गरम भरली की डब्यात घाम सुटतो. खारे बांगडे भरणीत ठेवायचे तर तळाला आणि वर जाड मीठ. पण बारीक मीठ नाही.

रापणीचा_दोर

कांद्याच्या माळा राहिल्या. माळ विकत घेताना वरची पात पूर्ण सुकलेली हवी, मान हिरवी असेल तर तिथून सड सुरू होते. टांगायची चुलीच्या वरच्या आढ्याला. धूर आणि ऊब दोन्ही लागतात. गॅसच्या स्वयंपाकघरात टांगून ‘टिकत नाहीत’ म्हणून कांद्याला दोष देण्यात अर्थ नाही.

शिरगावची_जत्रा

कल्हईवाल्याचा एक ओटा असायचा, तोही या रस्त्यांचाच भाग. थोडक्यात लिहिते.

भांडे आधी आम्ल आणि वाळूने लख्ख. मग कोळशावर तापवायचे, वर नवसागर भुरभुरायचा. पांढरा धूर येतो आणि तांब्यावरची काजळी निघते. लगेच कथलाची कांडी टेकवायची. कथील 232 अंशांना वितळते. कापसाच्या बोळ्याने झटपट सगळीकडे फिरवायचे आणि पाण्यात. भांडे जास्त तापले तर कल्हई पिवळी-काळी पडते, कमी तापले तर ढेकळे राहतात. नवसागर आधीच जळून गेला तर त्या जागी कथील धरतच नाही, डाग राहतो.

खरी गोम कथलात. शिसे मिसळले की स्वस्त पडते आणि कमी तापात वितळते, म्हणून भेसळ. शुद्ध कथलाची कांडी कानाजवळ वाकवली तर कर्रर्र असा बारीक आवाज येतो. शिसेवाली गप्प वाकते आणि कागदावर ओढली तर करडी रेघ उठते. जेवणाच्या भांड्याला ती लावू देऊ नये.

पोंबुर्फा_बस

आणि गोटी सोडा! बाटलीत सोडा भरताना ती उलटी का करतात याचे उत्तर कधीचे मनात अडकले आहे.

केरी_ते_पोळे

गोटी जड. बाटली उलटी झाली की ती मानेतल्या रबरी कड्यावर येऊन बसते, आणि आतला वायू तिला तिथेच दाबून धरतो. बूच नाही, झाकण नाही. म्हणून भरायच्या यंत्रात बाटल्या जाळीच्या पिंजऱ्यात गरगर फिरतात. जाळी फुटणाऱ्या बाटलीसाठी. रबर कडक झाले की सोडा एका रात्रीत पाणी. ही बाटली 1872 सालची, हायरम कॉड नावाच्या इंग्रजाचे पेटंट. पिताना मानेतल्या खळग्याची बाजू खाली धरा, गोटी त्यात अडकते. वर धरली तर दर घोटाला ती तोंड बंद करणार.

मांडवीकाठ

खाचा मोजल्या. वरची आणि खालची, दोन्ही 2 सेंटीमीटर. उजव्या टोकाला उंबऱ्याच्या खाचेची बाहेरची कड 21 सेंटीमीटर कापलेली आहे. त्याच्या दोन्ही बाजूंना चौकटीवर कोयंड्याची जुनी भोके. बिनखुणेची फळी 20 सेंटीमीटर रुंद. बाकी 19 ते 23 मधे कुठेही.

तांबडी_माती

मग सरकवायचा प्रकार. फळ्या डावीकडून 1, 2, 3 अशा आठापर्यंत आणि बिनखुणेची शेवटी, उजव्या टोकाला. तिला खूण लागत नाही, कारण कापलेल्या जागेत ती एकटीच उरते. बाकीच्या आठांची रुंदी वेगवेगळी आणि कडा एकमेकींशी जुळवून कापलेल्या, म्हणून त्यांना क्रम.

दुकान उघडताना हीच आधी निघते, पट्टी उचलली की. कडा मात्र बघून घ्या. आठव्या आणि नवव्या फळीच्या कडा एकमेकींत नीट बसायला हव्यात. बसत नसतील तर नववी कुणी तरी नंतर केलेली असू शकते, जुन्या मापाने नव्हे.

ताळगावचे_वांगे

आणि आता नऊही फळ्या लावून जाग्यावर रंधा मारू नका, जून सुरू आहे. डिसेंबरपर्यंत थांबा.

मांडवीकाठ

सुतार उद्या येणार होता. फोन करतो.